आधी कागद, मग विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांकडून इतिहास-संशोधन करवून घेताना

बी.ए.च्या इतिहासाच्या प्रकल्पांचा गठ्ठा परीक्षकापुढे येतो, तेव्हा नुसती शीर्षकं वाचली तरी आत काय असणार ते कळतं. 'छत्रपती शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था', 'महात्मा फुले यांचे सामाजिक कार्य', 'स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांचे योगदान'. विषय मोठे, आदराचे आणि शेकडो पुस्तकांत लिहून झालेले. चार पुस्तकांतून आणि दोन संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर, रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग आणि ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून टायपिंग करून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार. यात मुलांचा दोष थोडाच आहे. विशीतल्या मुलाला दोन महिन्यांत शिवकालावर नवं काही सांग म्हणणं ही मागणीच वेडगळ आहे. नवं सांगता येत नाही हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो उतरवून काढतो.

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत नेता येतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्याच्या आधीच्या वर्षांतही फील्ड प्रोजेक्ट आहेच. म्हणजे पूर्वी एम.ए.च्या उंबरठ्यावर भेटणारी गोष्ट आता एस.वाय.च्या वर्गात येऊन बसली आहे, आणि वर्गात साठ-सत्तर मुलं आहेत.

नवं म्हणजे किती नवं

पदवीच्या पातळीवर मूळ संशोधनाचा अर्थ मी अगदी लहान ठेवतो. आजवर कुणी त्या प्रश्नासाठी न वाचलेला एक कागद विद्यार्थ्याने स्वतः वाचावा, त्यातून काय दिसतं ते मोजून-तपासून सांगावं आणि जिथून घेतलं ती जागा दुसऱ्याला सापडेल अशी नोंदवावी. बस. सिद्धान्त मांडायची गरज नाही, की इतिहासाचं पुनर्लेखन करायची गरज नाही.

मराठी इतिहास-संशोधन उभं राहिलं ते अशाच कामातून आणि बरंचसं विद्यापीठांबाहेर. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत होते. पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे दप्तरांचे गठ्ठे उघडत राहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड निघू लागले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेही राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. यांतल्या कुणाला प्राध्यापकी पगार मिळत नव्हता. पोरांना हे आवर्जून सांगावं. संशोधन ही पीएच.डी. झाल्यावर करायची गोष्ट आहे, हा समज त्याने निम्मा गळून पडतो.

विषय शेवटी ठरतो

आपल्याकडे विषय आधी ठरतो. जूनमध्ये यादी लागते, मुलं त्यातला एक उचलतात आणि मग 'सर, साधनं कुठे मिळतील?' विचारत फिरतात. हा क्रमच उलटा करावा लागतो. मार्गदर्शकाने आधी एक वही, एक फाइल, एखाद्या वर्तमानपत्राचं एक वर्ष किंवा पाच-सहा बोलकी माणसं हेरून ठेवावीत. ती हाताशी येतात आणि वाचता येतात याची स्वतः खात्री करावी. आणि मगच विद्यार्थ्याला तिथे बसवावं. चार दिवस त्याने नुसतं वाचावं. प्रश्न त्या वाचनातून निघतो, आणि तो निघाला की शीर्षक आपोआप लहान होतं. 'ब्रिटिशकालीन आरोग्यव्यवस्था' असं लिहिणारा मुलगा मग 'आमच्या गावातील मृत्यूनोंदी, १९१५ ते १९२०' असं लिहू लागतो.

यात शिक्षकाचा वेळ जातो हे उघड आहे. पण तो सुरुवातीला गेला नाही तर शेवटी उतारे कुठून उचललेत ते शोधण्यात जातो. पहिलं काम निदान आनंदाचं तरी आहे.

कागद कुठे असतात

पुणे आणि मुंबईची पुराभिलेखागारं सगळ्यांना ठाऊक असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत; गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडलेले ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत छापून निघाले. मुंबईचा दप्तरखाना १८२१ पासूनचा, आज एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. कोल्हापुरात संस्थानी कागद आहेत, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांच्या शेजारी मोडी कागदही आहेत.

पण जत, किनवट किंवा देवरुखच्या विद्यार्थ्याला दर आठवड्याला पुण्याला जाणं परवडत नाही. त्याचं दप्तर त्याच्या तालुक्यातच शोधावं लागतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही. ग्रामपंचायतीचं ठरावबुक. विविध कार्यकारी सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं. देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या. सार्वजनिक वाचनालयाची देवघेव नोंद. गेल्या शतकात गाव काय वाचत होतं हे त्याइतकं खरं दुसरं कोण सांगणार? त्याच वाचनालयात 'केसरी' किंवा 'ज्ञानप्रकाश'चे बांधीव अंक असतील तर सोन्याहून पिवळं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचे जिल्हावार खंड आणि जुने जनगणना अहवाल तर आता घरबसल्या वाचता येतात.

परवानगीसाठी महाविद्यालयाचं पत्र लागतं. पत्रात 'संशोधनासाठी सहकार्य करावे' एवढंच मोघम लिहिलं तर कारकून ते बाजूला ठेवतो. कोणती वही, कोणती वर्षं, किती दिवस बसणार, फोटो काढणार की हाताने उतरवणार, हे लिहिलं तर बहुधा खुर्ची मिळते.

१ जूनला जन्मलेली मुलं

शाळेच्या जनरल रजिस्टरने सुरुवात करणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. देवनागरीत असतं, रकाने आखलेले असतात आणि मुख्याध्यापक बहुधा ओळखीचे निघतात. नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण.

वही उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला तासाभरात एक चमत्कार दिसतो. पानामागून पान मुलं १ जूनला जन्मलेली! जन्माची नोंद नसलेल्या घरातलं मूल शाळेत आलं की गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची सोयीची तारीख टाकत, हे गावात कुणीही सांगेल. त्या तारखेवर पुढे नोकऱ्या लागल्या आणि लोक निवृत्तही झाले. इथे विद्यार्थी साधनांची चिकित्सा शिकतो, तीही व्याख्या पाठ न करता. नोंद अधिकृत आहे, सही-शिक्क्याची आहे, तरी खरी नाही. मात्र ती निरुपयोगीही नाही. १ जूनचं प्रमाण कोणत्या दशकात घटू लागलं, कोणत्या वस्तीत आधी घटलं, मुलींच्या बाबतीत काय झालं, हे मोजलं तर दवाखाना आणि जन्मनोंद गावात कशी पोचली याचा माग लागतो. चुकीच्या तारखांवर उभा राहिलेला बिनचूक निबंध.

शाळा सोडल्याच्या कारणाचा रकानाही असाच. 'सतत गैरहजर' हा शेरा कोणत्या महिन्यांत दाटीने येतो ते ऊसतोडीच्या हंगामाशी ताडून पाहावं.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. या वह्यांत माणसांची नावं आणि जाती आहेत, त्यांची नातवंडं गावात राहतात. अहवालात आकडे यावेत, नावं येऊ नयेत. पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर मुळीच जाऊ नयेत.

'ताप' या शेऱ्याखाली काय दडलंय

दुसरं उदाहरण थोडं अवघड आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. साथ जूनमध्ये मुंबईत दिसली, ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उसळून गावोगाव पसरली. कोविडनंतर याची चर्चा झाली ती मुख्यतः मुंबई-पुण्याच्या संदर्भात. आपल्या गावात काय झालं, हा प्रश्न विद्यार्थ्याला आपसूक पडतो.

तो कोतवाल बुकात 'इन्फ्लुएन्झा' शोधायला जातो आणि हात हलवत परततो. नोंद करणारा डॉक्टर नव्हता. पटकी ओळखू येई, देवी ओळखू येत, गाठीचा ताप तोवर सवयीचा झाला होता. बाकी सगळं 'ताप' या एका शब्दात जाई. इन्फ्लुएन्झाचे देशभरातले बहुतेक मृत्यू सरकारी तक्त्यांतही तापाच्याच रकान्यात पडलेले आहेत.

'सर, आमच्या गावात साथ आलीच नव्हती,' असं म्हणत विद्यार्थी परत येतो तो क्षण मार्गदर्शकाच्या कसोटीचा. उत्तर देऊन टाकायचं नाही. १९१५, १९१६ आणि १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये तापाने किती माणसं गेली ते मोजून ये, म्हणायचं, आणि मग १९१८ चा ऑक्टोबर मोज. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की साथ कागदावर उभी राहते. नंतर वय पाहायचं. एरवी तापाने लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त जात. या साथीने वीस ते चाळीसच्या धडधाकट माणसांवर विशेष घाला घातला होता. आपल्या वहीत तसं दिसतं का? दिसलं तर छान. नाही दिसलं तर तो निष्कर्षही तितकाच मोलाचा, फक्त नोंदींत खाडे आहेत का ते आधी तपासायला हवं. ऐन साथीच्या महिन्यात वही कोरी असेल तर कोतवालच आजारी पडला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

शब्द शोधायचा नाही, नोंदींची चढउतार पाहायची, ही एक युक्ती ज्याच्या हाताला लागली त्याला पुढे शिकवावं लागत नाही.

मोडी आणि तारखा

यापेक्षा मागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची धावाधाव करून शोध घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या राज्यात आपल्याच आजोबा-पणजोबांची लिपी वाचायला माणूस मिळेना, हे लाजिरवाणं आहे खरं. पण एका अर्थी विद्यार्थ्यांची ती संधीच आहे. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळही शिकवतं. अडचण पुढे येते. आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं, शब्द तोडलेले नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि 'राजश्री'ऐवजी नुसतं 'रा॥'. एकट्याने बसलं की कंटाळा येतो. तिघा-चौघांनी एकाच पानाभोवती बसून मोठ्याने वाचलं की अडलेला शब्द कुणालातरी सुटतो. आधी छापील लिप्यंतर असलेला कागद द्यावा, म्हणजे आपलं वाचन पडताळता येतं.

तारखांचा गुंता वेगळा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं की फोड करायची: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतात. विद्यार्थी इथे थांबला तर पानिपतची लढाई एक वर्ष मागे ओढतो. सुहूर सन मृगाला, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, हा पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१ ला येतो तो या हिशोबाने. फसली सनाला ५९० मिळवतात आणि तिथेही वर्ष जूनच्या सुमारासच पालटतं. मराठेशाहीच्या कागदाला हात लावायचा तर अशी दहा-बारा रूपांतरं पाटीवर करवून घेतल्याशिवाय मुलांना पुढे सोडू नये.

माणसांशी बोलताना

जिथे कागद नाही तिथे माणसं आहेत, आणि त्यांना गाठायची घाई करायला हवी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणलं. त्यांतल्या किती स्त्रियांविषयी कागदोपत्री काही सापडलं असतं?

मुलाखतीला निघालेला विद्यार्थी 'आजी, दुष्काळाबद्दल तुम्हाला काय वाटतं?' असं विचारतो. आजी म्हणते, 'लई वाईट दिवस होते बाबा.' संपली मुलाखत. त्याऐवजी कामावर किती वाजता निघायचात, मुकादम कोण होता, लहान मूल कुठे ठेवायचात, सुकडी कशी लागायची, मिलोच्या भाकरी थापता यायच्या का, असं विचारलं की आजी सांगत सुटते. आणि तिच्या सांगण्यात विसंगती आली तर लगेच ती चूक समजू नये. 'दुष्काळ तीन वर्षं होता' असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता, १९७२-७३ हा त्याचा कळस. 'बाहत्तरचा दुष्काळ' हे आपण मागाहून दिलेलं नाव.

ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी, नाव छापायचं की नाही हे त्यांना विचारणं, आणि लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे वाचून दाखवणं एवढं व्हायलाच हवं.

मार्गदर्शकाने कुठे थांबायचं

साठ मुलांना साठ विषय देणं माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे. एकाच वहीवर पाच जणांचा गट बसवावा, प्रत्येकाने पाच-पाच वर्षं घ्यावीत. मोजणी सामायिक, लेखन स्वतंत्र. पंधरवड्याला एकदा प्रत्येकाने पाहिलेली एक नोंद घेऊन यावी आणि तिच्यावर पाच मिनिटं बोलावं. मसुदा शेवटच्या आठवड्यात मागितला की उतरवलेलाच मिळतो. दोन पानं दुसऱ्याच महिन्यात मागावीत, ती वाईटच असणार हे गृहीत धरून.

तळटीप हा सगळ्यांचा नावडता भाग. 'पेशवे दप्तर, पुणे' एवढं लिहून भागत नाही. विभाग, रुमाल क्रमांक, कागदाची तारीख हवी. कोतवाल बुक असेल तर गाव, वर्ष आणि नोंदीचा क्रमांक. मी तपासताना कोणतीही एक तळटीप निवडून 'हे पान दाखव' म्हणतो. आजकाल एआयला विचारलं तर तो रुमाल क्रमांकासकट संदर्भ रचून देऊ शकतो आणि तसा रुमाल दप्तरात नसतोच, त्यामुळे ही सवय जास्तच उपयोगी पडू लागली आहे. मराठी सुधारायला किंवा आकड्यांचा तक्ता करायला मुलं ते वापरतात, त्याला माझी हरकत नाही.

गुण देताना निष्कर्ष किती भव्य आहे याकडे पाहू नये. काम करता करता प्रश्न किती नेमका झाला, काय सापडलं नाही हे सांगितलंय का, आणि तोंडी परीक्षेत आपल्या साधनाच्या मर्यादा सांगता येतात का, यावर निम्मे गुण असावेत.

अहवाल झाल्यावर

अहवाल कपाटात गेला की पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. म्हणून एक प्रत ज्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची वही वापरली तिला द्यावी, आणि जमल्यास वाचनालयात गावकऱ्यांपुढे वाचावी. तिथे एखादा म्हातारा उठून 'हे चूक आहे, ती शाळा आधी देवळात भरायची' म्हणतो, आणि बाहेरच्या परीक्षकापेक्षा तो जास्त कामाचा असतो. चांगल्या निबंधाला भारत इतिहास संशोधक मंडळाची पाक्षिक सभा किंवा इतिहास परिषदेचं अधिवेशनही दूर नाही.

मोजणीचे तक्ते मात्र विभागाने स्वतःकडे जपून ठेवावेत, एकाच नमुन्यात. यंदा एका गावाच्या १९१५ ते १९२० च्या मृत्यूनोंदी झाल्या, पुढच्या वर्षी नदीपलीकडचं गाव, त्याच्या पुढच्या वर्षी बाजारपेठेचं. पाच-सहा वर्षांत तालुक्याचा नकाशा भरू लागतो आणि साथ रेल्वे स्टेशनकडून आत सरकली की बाजाराच्या वाटेने, असा प्रश्न नव्या बॅचला वहीचं पहिलं पान उलटतानाच विचारता येतो.